उठून गेलेला मावा

दिवसभर किड्यांत वावरणारी ही बाई स्वतःच्या नाकावर मात्र माशी बसू देत नसे. भाजीपाला संशोधन केंद्रात तिला सगळे भिंगबाई म्हणत, आणि पाठीमागे नाही, तोंडावर म्हणत. गळ्यात काळ्या दोरीला अडकवलेलं भिंग, कानामागे पेन्सिल, कमरेला पुठ्ठ्याची वही. सव्विसाव्या वर्षी ती मोजणीच्या कामावर लागली आणि पुढची चोवीस वर्षं तिनं एकच काम केलं. पान अलगद उलटायचं, पाठीवर बसलेले किडे मोजायचे, आकडा लिहायचा, पुढचं पान. ऐकायला सोपं वाटतं. पण दुपारी बाराला, काचघरात अंगाची काहिली होत असताना तीनशेव्या पानालाही पहिल्या पानाइतकाच मान देणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतात. ती त्यातली एक होती, आणि हे तिला पक्कं माहीत होतं. इथेच सगळं बिनसत होतं.

एकदा एका सहकाऱ्यानं सावलीत बसून चाळीस पानांचे आकडे मनानंच भरले. भिंगबाईनं त्याची वही घेतली, त्याला हाताला धरून वाफ्यात नेलं आणि सगळ्यांसमोर एकेक पान उलटून त्याच्या आकड्यासमोर खरा आकडा म्हणायला लावला. चाळीसच्या चाळीस. त्यानं महिन्याभरात बदली मागून घेतली. तेव्हापासून जेवणाच्या सुट्टीत तिच्या बाकावर कुणी बसत नसे. तिनंही कधी सरकून जागा केली नाही.

घरी तरी काय वेगळं होतं? वडिलांच्या दुमजली घरात खाली धाकटा भाऊ आणि भावजय, वर ती एकटी. भावाची रोपवाटिका होती. नऊ वर्षांपूर्वी त्याच्या फाटकात एक गिऱ्हाईक टोमॅटोची रोपं गाडीत चढवत असताना ही कामावरून परत आली, दोन पानं उलटून पाहिली आणि म्हणाली, ही नेऊ नका, रोगट आहेत. रोपं खरोखरच रोगट होती. भावाला ते ठाऊक नव्हतं, हेही खरं. पण त्या दिवसापासून दोघांत विळ्याभोपळ्याचं सख्य झालं. जिन्यात गाठ पडली तर भाऊ भिंतीकडे तोंड करून तिला वाट देई.

अशा या बाईच्या आकड्यांवर केंद्रातल्या डॉक्टरांनी अकरा वर्षं घालवून काकडीचा एक वाण उभा केला.

डॉक्टर म्हणजे पिकांच्या जाती तयार करणारे शास्त्रज्ञ. उंच, नीटनेटके, बोलण्यात साखर आणि नजरेत सुरी. त्यांच्या वाणाचं पान केसाळ होतं. हात फिरवला तर बारीक खरखरीत कापडासारखं लागायचं. काकडीवर मावा पडतो. हिरवट, टाचणीच्या डोक्याएवढा किडा, पानाच्या पाठीला चिकटून रस पितो आणि एका वेलीवरचा मोझॅक रोग दुसऱ्या वेलीवर नेतो. मोझॅक झाला की पान पिवळ्या डागांनी चितारतं, आखडतं आणि काकडी गाठाळ होते. डॉक्टरांचं म्हणणं सरळ होतं. पानावर केसांचं रान असेल तर मावा बसणार नाही, आणि मावा बसला नाही तर रोग कुठून येणार? भिंगबाईच्या वह्या तेच सांगत होत्या. जुन्या गुळगुळीत पानावर सरासरी चाळीस किडे, केसाळ पानावर तीन. कधी दोन. पाहुणे आले की डॉक्टर तिच्याकडे बोट दाखवून म्हणत, हे आमचं मोजायचं यंत्र. पाहुणे हसत. ती खाली मान घालून पुढचं पान उलटे आणि मनातल्या मनात त्यांना पाण्यात पाही.

वाण बाहेर पडला. पहिल्याच हंगामात तक्रारी सुरू झाल्या. वेलींवर मावा दिसत नव्हता, पण मोझॅक मात्र जुन्या वाणापेक्षा जास्त, तोही शेताच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पसरलेला. डॉक्टरांनी खापर शेतकऱ्यांवर फोडलं. बांधावरचं तण काढलं नसेल, औषध वेळेवर मारलं नसेल, शेजारच्या शेतातून आलं असेल. वरच्यांनीही तेच धरलं.

मग एके सकाळी एक काटक, पन्नाशीची शेतकरीण थेट मोजणीच्या खोलीत शिरली. तिच्या खांद्यावर गोणी होती. तिनं ती भिंगबाईच्या टेबलावर उलटी केली. आखडलेली, पिवळी पडलेली पानं वहीवर, भिंगावर, मांडीवर पडली.

"किडे तुम्हीच मोजले ना?" ती म्हणाली. "मग आता हे मोजा."

चोवीस वर्षांत कुणी तिच्या आकड्याला हात लावला नव्हता.  गोणीवाली निघून गेल्यावर भिंगबाईनं दार लावून घेतलं आणि प्रत्येक पान उलटून पाहिलं. एकशे बारा पानं. पाच किडे. बाकी पानं रिकामी, आणि सगळी रोगट.

आकडे खरे होते आणि रोगही खरा होता. दोन्ही एकाच वेळी खरे कसे, हे तिला कळेना, आणि न कळणं तिला अपमानासारखं लागलं.

तिनं कुणाला विचारलं नाही. विचारण्यासारखं कुणी तिनं ठेवलंच नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत ती किडेघरातल्या जाळीच्या पिंजऱ्यापाशी बसू लागली. पंखाचा मावा तासभर उपाशी ठेवायचा, ओल्या कुंचल्याच्या टोकानं एकेक किडा उचलून पानावर सोडायचा आणि घड्याळ लावून नुसतं पाहत राहायचं. मोजायचं काही नव्हतं म्हणून पहिले दोन दिवस तिला चोरासारखं वाटलं.

गुळगुळीत पानावर किडा चार पावलं चालला, सोंड टेकवली आणि बसला. वीस मिनिटं झाली, हलेना. दुसरा, तिसरा, दहावा, तसेच. केसाळ पानावर सोडलेला किडा मात्र अडखळला. केसांत पाय गुंतले, त्यानं सोंड टोचली, काढली, दोन पावलं गेला, पुन्हा टोचली, पुन्हा काढली. पाऊण मिनिटात पाच वेळा. मग उडाला आणि शेजारच्या रोपावर जाऊन तोच प्रकार.

तिच्या हातातला कुंचला तसाच राहिला. मोझॅकचा विषाणू किड्याच्या पोटात जात नाही, सोंडेच्या टोकाला चिकटतो, हे तिला ठाऊक होतं. रोगट पानाला एकदा टोचलं की क्षणात लागतो, आणि पुढच्या दोनचार टोचण्यांत पुसला जातो. बसून राहणारा किडा एकाच वेलीला रोग देतो. न बसणारा किडा वेलीमागून वेल टोचत जातो. केसांनी मावा हाकलला होता, आणि हाकललेला मावाच रोग गावभर वाटत फिरत होता.

अकरा वर्षं तिनं बसलेले मोजले होते. उठून गेलेले तिच्या वहीत कधी आलेच नव्हते.

तिनं दोन पिंजऱ्यांत साठ-साठ रोपं लावली, प्रत्येकात मधोमध एक रोगट रोप ठेवलं, सारखाच मावा सोडला. तीन आठवड्यांनी गुळगुळीत पानांची सतरा रोपं आजारी होती, केसाळ पानांची एकेचाळीस. वही घेऊन ती डॉक्टरांच्या खोलीत गेली. त्यांनी बसा म्हटलं नाही. वही वाचली, पुन्हा पहिल्या पानापासून वाचली आणि मिटून तिच्या बाजूला सरकवली.

"अकरा वर्षं मी तुमच्या आकड्यांवर उभा आहे, बाई," ते म्हणाले. "आता म्हणता ते खोटे?"

"आकडे खरेच आहेत. आपण मोजायचं तेच चुकलं."

"आपण?"

"तुम्ही सांगितलंत, मी मोजलं. दोघांचंही चुकलं."

डॉक्टर शांतपणे म्हणाले की पिंजऱ्यातला खेळ आणि शेत यांत फरक असतो, परवानगीशिवाय केंद्राची रोपं वापरणं हा गुन्हा असतो, आणि हा विषय या खोलीबाहेर गेला तर तिच्या नोकरीची ते हमी देणार नाहीत. तिनं वही उचलली.

सोमवारी ती किडेघरात आली तर तिथे औषधाचा उग्र वास कोंडला होता. दोन्ही पिंजऱ्यांतली रोपं उपटलेली, तिनं वाढवलेला मावा पानांवर तपकिरी होऊन चिकटलेला. फवारणीवाला दाराशीच उभा होता. त्यानं तिच्याकडे न बघता सांगितलं की वरून हुकूम होता, तो फक्त पंप चालवतो. त्याच दुपारी तिची बदली बियाणं निवडायच्या शेडमध्ये झाली. तिथल्या बायकांनी तिला पंख्यापासून सर्वात लांबचं स्टूल दिलं. यंत्राला इथं पाठवलं म्हणे, असं एकीनं दुसरीला सांगितलं, भिंगबाईला ऐकू जाईल इतक्याच हळू.

घरी भावाला हे आधीच कळलं होतं. त्यानं येत्या हंगामासाठी केसाळ वाणाचीच रोपं करायचं ठरवलं होतं, दोन लाख. जिन्यावर त्यानं तिला अडवलं. नऊ वर्षांनी प्रथमच तो तिच्याकडे तोंड करून उभा होता.

"ताई, तू तोंड मिटून बसणार आहेस की नाही?"

"तुझी रोपं रोग वाटतील."

"कुऱ्हाडीचा दांडा गोताला काळ," तो म्हणाला. "बाबा असते तर त्यांनी तुला या घरात ठेवलं नसतं."

तिनं सांगितलं की बाबा असते तर त्यांनी पान उलटून पाहिलं असतं. भाऊ खाली गेला. दुसऱ्या दिवसापासून वरच्या नळाला पाणी आलं नाही. झडप खालच्या मोरीत होती आणि मोरीच्या दाराला कुलूप. भिंगबाई कोपऱ्यावरच्या सार्वजनिक नळावरून सकाळी चार आणि संध्याकाळी चार बादल्या आणू लागली. भावजय दारात उभी राहून पाही. एकदा तिनं कुजबुजत सांगितलं की माझ्या हातात असतं तर मी उघडली असती. भिंगबाईनं उत्तर दिलं की तुझ्या हातात किल्ली आहे, आणि बादली उचलून वर गेली. तीही बाई मग दारात यायची बंद झाली.

पन्नाशीला आलेली बाई, पाठीत कळ, घरात बोलायला भिंत आणि कामावर सगळ्यांनी फिरवलेल्या पाठी. तिला गप्प बसणं सोपं होतं. पण खोट्या आकड्यासाठी तिनं एका माणसाला चाळीस पानांपुढे उभं केलं होतं, आणि आता तिच्याच आकड्याच्या जोरावर शेतं पिवळी पडत होती. झोप लागेना. तिनं साठवलेली दोन महिन्यांची रजा टाकली, बस पकडली आणि गोणीवालीचं शेत शोधून काढलं.

गोणीवालीनं पाणी विचारलं नाही. भिंगबाईनं बांधावर उभं राहूनच सांगितलं की तुझं बरोबर होतं, मला शेतात दाखवून द्यायचंय, तुकडा दे.

"आणि चुकलीस तर?"

"मग केंद्रात येऊन आणखी एक गोणी ओत."

"चुकलीस तर गोणीत पानं नसतील," गोणीवाली म्हणाली, आणि विहिरीजवळचा तुकडा दाखवला.

आठ चौकोन आखले. चारांत जुना गुळगुळीत वाण, चारांत गोणीवालीकडे उरलेलं केसाळ बियाणं, मधे आडोशाला मक्याचे पट्टे, प्रत्येक चौकोनाच्या मध्यभागी एक रोगट रोप. मावा आपोआप आला. दोघी सकाळपासून दुपारपर्यंत त्या तुकड्यात असत आणि कामापुरतंच बोलत. गोणीवाली तिला भाकड बाई म्हणे, कारण तिच्या मते जी पेरत नाही आणि विकत नाही, नुसती मोजते, ती भाकडच. भिंगबाई तिच्या पाणी सोडण्याला नावं ठेवी. मक्याला पाणी कुणी पाजायचं यावरून एकदा दोघींत इतकं जुंपलं की शेजारचा शेतकरी फावडं घेऊन बघायला आला. मैत्री झाली नाही. पण एकही दिवस चुकला नाही.

सहाव्या आठवड्यात केसाळ चौकोन पिवळे पडले. आता मोजायचीही गरज नव्हती, बांधावरून दिसत होतं. गोणीवालीनं आसपासचे पंधरा शेतकरी गोळा केले आणि सगळे केंद्राच्या संचालकांपुढे जाऊन बसले. संचालकांनी एक घाव दोन तुकडे केले. डॉक्टरांना सांगितलं, स्वतः जा आणि स्वतः मोजा.

डॉक्टर आले. इस्त्रीची पँट, हातात नवी वही. भिंगबाई बांधावर उभी राहिली. त्यांनी पहिला चौकोन उभ्यानं मोजला. दुसऱ्यात वाकले. तिसऱ्यापासून ते गुडघ्यांवर आले आणि वेलीमागून वेल, पान उलटून, हात फिरवून पाहत गेले. ऊन चढलं. गोणीवालीनं त्यांनाही पाणी विचारलं नाही. चार तासांनी ते उठले तेव्हा गुडघ्यांवर चिखलाचे दोन गोल होते आणि चेहरा उतरला होता.

"तुमच्यापेक्षा चार जास्त आली," ते म्हणाले. "केसाळमध्ये."

आजारी वेली तिच्या मोजणीपेक्षा चारने जास्त. म्हणजे त्यांचं स्वतःचं म्हणणं आणखी खड्ड्यात घालणारा आकडा, आणि तो त्यांनीच उच्चारला होता. भिंगबाईला मात्र फक्त एवढंच ऐकू आलं की आपण चार चुकलो. ती तरातरा वाफ्यात शिरली. त्यांनी त्या वेली दाखवल्या. तीन तिला मान्य कराव्या लागल्या. डाग नुकते उमटत होते, कोवळ्या शेंड्यात. चौथीवर दोघं बराच वेळ भिंग लावून वाकली होती. शेवटी डॉक्टरांनी तो आकडा खोडला.

कागदावर सही करताना त्यांनी मान वर न करता सांगितलं, "खरं निघालं म्हणून मी तुम्हाला माफ करीन असं समजू नका. बाहेर न जाता माझ्याकडे चार वेळा आला असतात तर मी ऐकलं असतं."

"एकदा आले होते. तुम्ही किडे मारलेत."

त्यांनी सही पुरी केली. फवारणीच्या हुकुमावरही त्यांचीच सही होती.

केसाळ वाणाची विक्री थांबली. भावाची दोन लाख रोपं वाया गेली. त्यानं ती खतात टाकली नाहीत; ट्रे रिकामे करून सगळी रोपं मातीसकट जिन्याच्या पहिल्या पायरीशी ओतली. चार दिवसांत ती कुजू लागली. भिंगबाईनं फावड्यानं वाट केली, तीन दिवस टोपल्या वाहिल्या आणि पायऱ्या धुतल्या, त्याही कोपऱ्यावरच्या नळाच्या पाण्यानं. भाऊ ओट्यावर बसून होता. शेवटची टोपली उचलताना ती त्याच्यासमोर थांबली. काहीतरी बोलावं असं तिला वाटलं. रोपं त्यानं मन लावून केली होती, एकही मुळी उघडी नव्हती, हे तिनं वाहताना पाहिलं होतं. पण तिला चांगलं बोलायची सवय नव्हती आणि त्याला ऐकायची. ती टोपली घेऊन गेली.

आता तरी शेतकरी तिच्या बाजूनं होते, असं कुणालाही वाटेल. पण केंद्राचा अहवाल लिहायची वेळ आली तेव्हा तिनं त्यात आणखी एक परिच्छेद घालायला लावला. पांढरी माशी जो पिवळेपणाचा रोग आणते, त्यासाठी माशीला पानावर तासन्‌तास बसून रस प्यावा लागतो. तिथे केसाळ पान माशीला बसू देत नाही आणि रोग खरोखर कमी होतो. तिच्या जुन्या वह्यांत त्याचेही आकडे होते. म्हणून हा वाण जाळू नये, मोझॅक नसलेल्या आणि पांढऱ्या माशीच्या भागात लावावा.

गोणीवाली दुसऱ्याच दिवशी शेडमध्ये आली. या वेळी गोणी नव्हती.

"त्याच्या बाजूनं लिहिलंस?"

"जे दिसलं ते लिहिलं."

"माझं शेत वापरलंस आणि त्याचं पीक वाचवलंस." गोणीवालीनं तिला परत शेताच्या बांधावर पाय ठेवू नकोस म्हणून बजावलं. भिंगबाई समजावायला उठली, दारापर्यंत गेली, तोवर ती फाटकाबाहेर होती. त्या दिवशी प्रथमच बियाण्याच्या शेडमधल्या बायकांनी भिंगबाईला डोळे पुसताना पाहिलं.  एकीनं पंखा थोडा तिच्या दिशेनं वळवला आणि तासाभरानं पुन्हा आपल्याकडे वळवून घेतला.

चार महिन्यांनी शिपाई एक चिठ्ठी घेऊन आला. डॉक्टरांचं अक्षर, सही नाही. पिंजरा क्रमांक चार, सकाळी सात. ती पावणेसातला पोचली तर ते आधीच तिथे होते. त्यांनी गुळगुळीत, मेणचट पानांची नवी रोपं मांडली होती, शेजारी पंखाचा मावा, कुंचले आणि दोन घड्याळं. एक त्यांनी टेबलावरून तिच्याकडे ढकललं. नमस्कार झाला नाही, झाल्या गोष्टीचा विषय निघाला नाही. ती समोरच्या बाजूला बसली, कानामागची पेन्सिल काढली आणि वहीत दोन रकाने आखले. बसलेले, उठून गेलेले.

निवृत्त होईपर्यंत उरलेली वर्षं ती दोघं त्याच टेबलाच्या दोन बाजूंना बसून काम करत राहिली. किड्यांखेरीज एक शब्द नाही. दोघांचे आकडे जुळले नाहीत तर पुन्हा मोजत, आणि जुळले तरी कुणी दुसऱ्याकडे पाहून हसत नसे.